घोड्यावरची फॅनी आणि गोठ्यातली मी

गेल्या जुलैत मी लेकीकडे होते, कॅनडातल्या कॅलगरी शहरात. निमित्त नातीच्या वाढदिवसाचं. पण खरं कारण वेगळं होतं. त्याआधी चार महिने आमच्या गोठ्यात गौरीची धार काढताना तिनं लाथ झाडली, मी ओल्या फरशीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिना हात प्लास्टरात. तेव्हापासून पुण्याहून मुलगा आणि कॅलगरीहून लेक, दोघांचा एकच पाढा सुरू झाला, “आई, आता गाई विकून टाक. खूप झालं. तुला काही झालं तर?”

हे गेल्यापासून नऊ वर्षं फलटणजवळची आमची तीन एकर जमीन आणि पाच गाई मीच बघते. वय बासष्ट. मुलांचं चुकतं असंही म्हणता येईना. म्हटलं, थोडे दिवस लांब जाऊन बघू. गाई धाकट्या दिरांवर सोपवल्या आणि विमानात बसले.

पोचले आणि आठवडाभरातच जावई म्हणाले, “आई, उद्या आपली जत्रा!”

ती जत्रा म्हणजे ‘कॅलगरी स्टॅम्पीड’. दरवर्षी जुलैत दहा दिवस भरते. अख्खं शहर डोक्यावर काऊबॉयची हॅट घालून फिरतं. बँकेतला मॅनेजरसुद्धा निळी जीन्स आणि मोठ्या बकलचा पट्टा लावून बसलेला. सकाळी चौकाचौकांत फुकट नाश्ता. आपल्या घावनासारखे दिसणारे जाडसर पॅनकेक आणि त्यावर पाक! मलाही नातीनं एक हॅट घातली. नऊवारीवर नव्हे, पंजाबी ड्रेसवर. पण फोटो मात्र गावाकडे गेलाच.

आणि दुपारी रोडिओ. आपण सिनेमात बघितलेला असतो तो. गुरं राखणाऱ्यांच्या रोजच्या कामातून निघालेला खेळ. मोठ्या कुरणावर हजारो जनावरं पाळायची, त्या जागेला म्हणतात रँच. तिथं रानटी घोडं माणसाळवावं लागतं, पळणारं वासरू दोर टाकून धरावं लागतं. त्यातूनच गड्यागड्यांत पैजा लागल्या आणि पैजांचा झाला रोडिओ. घोडा पाठ कमानीसारखी वाकवून उसळ्या मारतो. स्वारानं एका हातानं धरायचं, दुसरा हात हवेत. तो कशालाही लागला की बाद. असं आठ सेकंद टिकायचं. आठ सेकंद म्हणजे आपण म्हणतो, त्यात काय! बघताना श्वास अडकतो. आणि गंमत म्हणजे गुण फक्त माणसाला नसतात. निम्मे घोड्याच्या उसळीला असतात.

खोटं कशाला बोलू, सगळंच मला बघवलं नाही. वासराच्या गळ्यात फास टाकून त्याला आडवं पाडतात तेव्हा मी मान खाली घातली. घोड्यानं मागचे पाय झाडावेत म्हणून त्याच्या कमरेभोवती पट्टा आवळतात, तेही पटेना. तिथंही यावरून वाद आहेतच. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवरून प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३ साली निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षं चाललं, तसंच.

पण मला टोचलं ते दुसरंच. दुपारभर उसळत्या घोड्यांवर, बैलांवर बसले ते सगळे पुरुष. बायका आल्या त्या पिंपांच्या शर्यतीला. तीन पिंपं त्रिकोणात मांडलेली, त्यांना वळसे घालत घोडी भरधाव पळवायची. एक पिंप पडलं की पाच सेकंदांचा दंड. फार देखणा, फार कौशल्याचा खेळ. तरीही मी जावयांना विचारलं, “बायका का नाहीत हो त्या दुसऱ्या घोड्यांवर?”

“धोका असतो ना आई,” ते सहज म्हणाले.

धोका! चार महिने हाच शब्द ऐकत होते मी.

लेकीला माझा चेहरा कळतो. दुसऱ्याच दिवशी तिनं लायब्ररीतून पुस्तकं आणली, काही माहिती काढून दिली, आणि इंग्रजी अडेल तिथं शेजारी बसून समजावून सांगितली. त्यात मला भेटली फॅनी. फॅनी स्पेरी स्टील. याच कॅलगरीत, याच स्टॅम्पीडमध्ये, तेही पहिल्याच वर्षी, म्हणजे १९१२ साली, बायकांमधली उसळत्या घोड्यांवरची जगज्जेती ठरलेली!

म्हणजे बायका होत्या. पहिल्या दिवसापासून होत्या.

फॅनीचा जन्म १८८७ चा, अमेरिकेतल्या माँटाना राज्यातला. तिथल्या हेलेना शहराच्या उत्तरेला प्रिकली पेअर नावाचं खोरं आहे, तिथं तिच्या आईवडिलांची रँच होती. आई रेचल स्वतः पट्टीची घोडेस्वार. तिनं सगळ्या मुलांना घोड्यावर बसवलं, मुलगा-मुलगी न बघता. कारण रँचवर काम करणारे हात मोजकेच. गुरं वळायला, घोडी पकडायला जो हाताशी असेल तो. आपल्याकडेही बघा, शेतातल्या कामाला बाईमाणूस कोणी म्हणत नाही. ते आठवतं नंतर, सातबाऱ्यावर नाव लावायची वेळ आली की!

सोळाव्या वर्षी फॅनी पहिल्यांदा चारचौघांत उसळत्या घोड्यावर बसली. मग मुलींच्या घोड्यांच्या रिले शर्यतीत गावोगाव पळाली. धावत्या घोड्यावरून उतरायचं, दुसऱ्यावर चढायचं आणि पुन्हा भरधाव. अंगावर दोन पायांत दुभागलेला लांब स्कर्ट. त्या काळी बाईनं घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसणं हेच पुष्कळांच्या भुवया वर जायला पुरेसं होतं.

१९१२ मध्ये गाय वीडिक नावाच्या दोरखंडाच्या कसरती करणाऱ्या कलाकारानं कॅलगरीत मोठी स्पर्धा भरवायचं ठरवलं. चार श्रीमंत पशुपालकांनी मिळून एक लाख डॉलरची हमी दिली. सप्टेंबरात स्पर्धा झाली. पावसानं मैदानाचा चिखल केला होता. कॅनडाचे गव्हर्नर जनरल आपल्या मुलीसह, राजकन्या पॅट्रिशियासह, बघायला आले होते. आणि बायका त्यात नटूनथटून बसायला नव्हत्या. वीडिकची बायको फ्लोरेन्स लाड्यू हिनं दोराच्या कसरतींत पहिला नंबर काढला. पंचवीस वर्षांची फॅनी उसळत्या घोड्यांच्या स्पर्धेत उतरली.

शेवटच्या फेरीत तिच्या वाट्याला आला ‘रेड विंग’ नावाचा घोडा. याच घोड्यानं काही दिवसांपूर्वी एका स्वाराचा जीव घेतला होता. जो लमार त्याचं नाव. फॅनीला हे माहीत नव्हतं असं नाही. तरी ती बसली, टिकली आणि जिंकली. एक हजार डॉलर, सोन्याचं बकल आणि हातानं घडवलेलं खोगीर असं बक्षीस घेऊन घरी गेली. पुढच्याच वर्षी कॅनडातल्याच विनिपेगला पुन्हा तिनंच ही स्पर्धा मारली.

मैत्रिणींनो, आता एक बारीकशी गोष्ट सांगते. मला स्वतःला ही सगळ्या गोष्टीचं मर्म वाटली.

खोगिराला दोन्ही बाजूंनी रिकिबी लोंबत असतात, पाय ठेवायला. घोडा उसळला की त्या हेलकावतात, पाय सुटतो, तोल जातो. त्या काळी बायकांसाठी एक सोय होती. दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून पट्ट्यानं एकमेकींना बांधून टाकायच्या. मग त्या हलत नाहीत, पाय घट्ट बसतो, टिकून राहणं सोपं होतं. पुरुष अशा बांधलेल्या रिकिबींवर बसत नसत. बायकांना मात्र मुभा होती. काही ठिकाणी तर बायकांनी तसंच बसावं अशी रीत होती. नाजूक जात ना!

पण घोडाच कोसळला तर? मोकळी रिकीब असली की पाय झटकन काढून बाजूला उडी मारता येते. बांधलेल्या रिकिबीत पाय अडकला की अडकलाच. जी दोरी तुम्हाला सांभाळते म्हणतात, तीच तुम्हाला घोड्याखाली धरून ठेवते.

फॅनीनं ती दोरी कधी वापरली नाही. ती पुरुषांसारखीच मोकळ्या रिकिबींवर बसायची. पडायचं तर पडू, पण पाय माझा मोकळा हवा, असाच त्याचा अर्थ मी तरी घेतला.

आणि मग १९२९ साल. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पेंडलटन इथं मोठा रोडिओ भरतो. बॉनी मॅकॅरोल नावाची अनुभवी, नामवंत स्वार त्यात उतरली होती. ‘ब्लॅक कॅट’ नावाचा घोडा. रिकिबी बांधलेल्या. घोडा कोसळला, बॉनीचा पाय सुटला नाही. घोडा उठून पुन्हा उसळू लागला आणि ती तशीच अडकलेली, आपटत राहिली. काही दिवसांनी ती गेली.

यावर काय व्हायला हवं होतं? तो पट्टा बंद व्हायला हवा होता, नाही का? पेंडलटननं बंद केली बायकांची स्पर्धाच! त्याच वर्षी रोडिओ भरवणाऱ्यांनी आपली संघटना काढली होती, तिच्या अधिकृत खेळांच्या यादीत बायकांचा एकही खेळ नव्हता. हळूहळू एकेका मैदानावरून उसळत्या घोड्यांवरच्या बायका दिसेनाशा झाल्या.

पुस्तक मिटून मी लेकीला म्हटलं, “अगं, १९१२ मध्ये तो जो लमार मेला, तेव्हा कोणी म्हणालं का, की पुरुषांनी आता घोड्यावर बसू नये?”

ती काहीच बोलली नाही. चहा ठेवायला उठली.

पुढं १९४८ मध्ये टेक्सासातल्या सॅन अँजेलो गावी ३८ जणी जमल्या आणि त्यांनी बायकांची स्वतःची रोडिओ संघटना काढली. नियम त्यांचे, कारभार त्यांचा. त्यांच्या स्पर्धांत बायका पुन्हा घोड्या-बैलांवर बसल्या. मोठ्या रोडिओंत मात्र त्यांना जागा मिळाली ती प्रामुख्यानं पिंपांच्या शर्यतीला. त्या शर्यतीचंही त्यांनी सोनं केलं. शार्मेन जेम्स नावाची चौदा वर्षांची मुलगी १९८४ मध्ये जगज्जेती झाली आणि १९९३ पर्यंत सलग दहा वर्षं तिनं ते पद सोडलं नाही. तिचा स्कॅम्पर हा घोडा कुणाला नको म्हणून स्वस्तात मिळालेला. एकदा ऐन अंतिम स्पर्धेत त्याच्या तोंडातून लगाम निसटला, तरी दोघांनी शर्यत पुरी केली. अलीकडच्या वर्षांत तर अमेरिकेत बायकांच्या उसळत्या घोड्यांच्या स्पर्धा पुन्हा भरू लागल्यात. म्हणजे फॅनीच्या नाती-पणतींनी वाट शोधलीच म्हणायची.

पण मला फॅनीची खरी ओढ लागली ती बक्षिसांमुळे नाही. लागली ती तिच्या नंतरच्या आयुष्यामुळे.

१९१३ मध्ये तिनं बिल स्टीलशी लग्न केलं. तोही घोडेस्वार, शिवाय रोडिओतला विदूषक. दोघांनी मिळून खेळ करत गावं पालथी घातली. फॅनीचा नेम असा, की बिलच्या बोटांत धरलेली चिनी मातीची अंडी ती बंदुकीनं उडवायची. नवऱ्याचा विश्वास बघा! मग दोघं थकली आणि माँटानातच लिंकन गावाजवळ, अरास्ट्रा ओढ्याच्या काठी रँच घेऊन स्थिरावली. शहरातून हवापालटाला येणारे पाहुणे ठेवायचे, त्यांना घोड्यावर फिरवायचं, शिकारीच्या मोसमात शिकाऱ्यांना डोंगरात न्यायचं. घोड्यांवर तंबू, भांडी, शिधा लादायचा, चुली पेटवायच्या, मारलेलं एल्क हरीण लादून खाली आणायचं. या कामाचा सरकारी परवाना मिळवणाऱ्या माँटानातल्या पहिल्या काही बायकांत फॅनी होती.

१९४० साली बिल गेला. फॅनी तेव्हा त्रेपन्न वर्षांची.

इथं मी वाचताना थांबले. ह्यांना जाऊन महिना झाला तेव्हा ओटीवर बसलेले चार शहाणे लोक मला आठवले. “आता वहिनींनी जमीन वाट्यानं द्यावी, गुरं काढावीत.” काळजीनंच बोलत होते हो. मी आतून चहा घेऊन आले आणि म्हणाले, “बघते.” त्या ‘बघते’वर नऊ वर्षं निघाली.

फॅनीनं पुढची पंचवीस वर्षं ती रँच एकटीनं चालवली. पंचवीस! तिथला हिवाळा म्हणजे काय चीज आहे, तुम्हाला सांगते. लिंकनपासून जवळच रॉजर्स पास नावाचा घाट आहे. तिथं २० जानेवारी १९५४ ला पारा शून्याखाली जवळजवळ ५७ अंशांवर उतरला होता. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांतली आजवर नोंदलेली ही सगळ्यांत कडाक्याची थंडी. त्या वर्षी फॅनी सहासष्ट वर्षांची होती आणि रँचचा कारभार तिच्याकडेच होता. तिकडं उन्हाळ्याच्या थोडक्या दिवसांत गवत कापून, वाळवून गंजी लावायची. मग महिनोन् महिने बर्फ. जनावराला चरायला काडी नाही. तुम्ही आजारी असा, दुःखात असा, गवत टाकायला जावंच लागतं. पाण्यावरचा बर्फ फोडावाच लागतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण ‘जावंच लागतं’ हे मला कोणी समजावून सांगायला नको. ह्यांच्या दहाव्यालासुद्धा पहाटे साडेचारला मी गोठ्यात होते. गाईला काय ठाऊक कोण गेलं? तिची कास भरलेली असते. आणि खरं सांगू? त्या दिवसांत मला सावरलं ते त्या भरलेल्या कासेनंच. उठायला काहीतरी कारण होतं.

फॅनी १९६५ मध्ये थांबली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! नंतर तिचं कौतुक झालं. १९७५ मध्ये रोडिओतल्या थोरांच्या मानाच्या यादीत तिचं नाव लागलं, १९७८ मध्ये काऊगर्लच्याही. १९८३ साली, पंचाण्णव वर्षांची होऊन, ती गेली. जिला ‘धोका आहे’ म्हणायला हवं होतं, ती पंचाण्णव वर्षं जगली.

अर्थात, याचा अर्थ धोका नसतो असं नाही. बॉनी गेलीच. माझं मनगटही मोडलंच. अजून पाऊस आला की ठणकतं. मुलांची काळजी खोटी नाही आणि ‘आमच्यावेळी’ असलं काही बोलून मला ती उडवूनही लावायची नाही. पण फॅनीनं मला एक प्रश्न विचारायला शिकवलं. ही जी सोय माझ्यासाठी केली जातेय, तिनं माझा पाय घट्ट बसणार आहे, की अडकणार आहे?

निघायच्या आदल्या रात्री लेक माझ्या बॅगेत वस्तू भरत होती. तिनंच विषय काढला.

“मग आई, गाईंचं काय ठरवलंस?”

“दोन विकते,” मी म्हटलं. “तिघींना ठेवते. धारेचं मशीन घेते. गोठ्यात खडबडीत फरशी घालते, घसरायला नको. गौरीला मात्र विकणार नाही.”

“जिनं लाथ मारली तिलाच ठेवणार?”

“तिचा दोष नव्हता गं. गोमाशी चावली होती तिला.”

लेक हसली. मग जरा वेळानं म्हणाली, “आणि थकलीस तर?”

“तर मी तुला फोन करून सांगेन, थकले म्हणून. पण ते मी सांगेन. तुम्ही नाही सांगायचं.”

तिनं मान हलवली. पुरतं पटलं असेल असं वाटत नाही. पण त्यानंतर ‘विकून टाक’ हा शब्द तिच्या तोंडून आलेला नाही. मुलाला अजून समजवायचंय. तो दिवाळीला येईल तेव्हा त्याला फॅनीची गोष्ट सांगणार आहे.

मशीन आलंय. पहिले चार दिवस गौरीनं ते लावून घेतलं नाही, पाय आपटत होती. पाचव्या दिवशी शांत उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. माझ्या डोक्यावर नातीनं दिलेली ती काऊबॉयची हॅट. दूध घालायला आलेली शेजारची वहिनी बघून पोट धरधरून हसली. म्हणाली, “अहो काकू, हे काय ध्यान!”

म्हटलं, “ये, बस. चहा टाकते. तुला एका बाईची गोष्ट सांगायचीय.”